पहिला परदेशप्रवास आणि बंद झालेलीं दारें

(प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय १६, ओंव्या ६ ते १० प्रथम वाचाव्या.)

पौल व त्याचे सोबती आसिया प्रांतांत वचन सांगावयास निघाले, तेव्हां पवित्र आत्म्यानेंच त्यांस अडविलें. ते बिथुनियाकडे वळले. तिकडेही जाऊं दिलें नाहीं. शेवटीं ते त्रोवस येथें समुद्राच्या कांठीं येऊन थांबले. पुढें काय झालें तें आपणांस ठाऊक आहे, म्हणून आपण घाईघाईनें मासेदोनियाच्या त्या मनुष्याच्या दर्शनाकडे धांवतों. पण त्या रात्रीपूर्वीं किती कोस ही माणसें उत्तर न मिळतां चाललीं असतील, याचा विचार आपण करीत नाहीं. ज्यास पाठविलें त्यासच अडवावें, हें सोसण्यास फार कठीण असतें.

आम्हीं हें लिहितों याचें कारण सांगतों. गेल्या पावसाळ्यापूर्वीं एका गांवीं आम्ही तीन वेळां गेलों. पहिल्या वेळीं पाटलांनीं ओसरीवर बसूं दिलें, दुसऱ्या वेळीं उभ्यानेंच बोलून परत लाविलें, तिसऱ्या वेळीं कोणी बाहेरही आलें नाहीं. घरीं येऊन आम्हीं आपल्या वहींत लिहिलें, "येथील दार प्रभूनें बंद केलें आहे." नंतर पावसाच्या दिवसांत आपल्या देशीं आलेल्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांच्या प्रवासाची हकीकत आम्हीं पुन्हां वाचली, आणि त्या वाक्याची आम्हांस लाज वाटली.

ता. ६ फेब्रुवारी १८१२ रोजीं अमेरिकेंतील सेलम गांवच्या उपासनामंदिरांत पांच तरुणांस दीक्षा मिळाली: जडसन, नॉट, न्यूएल, हॉल व राइस. अमेरिकन बोर्डानें परदेशीं पाठविलेली ही पहिलीच मंडळी. समुद्रापलीकडे सुवार्ता कशी सांगावी हें त्यांच्यापैकीं कोणीं पूर्वीं केलें नव्हतें. जडसन व न्यूएल सपत्नीक एका गलबतानें निघाले, बाकीचे दुसऱ्यानें. चार महिने समुद्रावर काढून पहिलें गलबत १७ जून रोजीं कलकत्त्यास पोहोंचलें. तेथें त्यांस काय मिळालें? कंपनी सरकारचा हुकूम कीं, देश सोडून जा!

या ठिकाणीं आम्हांस थोडें थांबावेसें वाटतें. घरून निघतांना या तरुणांनीं परक्या देवळांची, परक्या भाषेची, तापाची व उन्हाची भीति मनांत धरिली असेल. पण पहिला अडथळा मूर्तिपूजकांनीं घातला नाहीं. रविवारीं देवळांत बसणाऱ्या ख्रिस्ती राज्यकर्त्यांनीं घातला. त्यांतच इंग्लंड व अमेरिका यांमध्यें लढाई जुंपली, म्हणून हे पाहुणे शत्रूच्या देशाचे ठरले. शिवाय त्यांच्यांतच फूट पडली. जडसनसाहेबांनीं गलबतावर बाप्तिस्म्याविषयीं शास्त्र शोधिलें, त्यांचें मत पालटलें, आणि कलकत्त्यास त्यांनीं व पुढें राइससाहेबांनींही बुडवून बाप्तिस्मा घेतला. एका वर्षाच्या आंत पांचांची दशा अशी झाली. आपल्या मंडळींत दोन वडिलांचें मत जुळलें नाहीं तर आपण म्हणतों, आतां काम बुडालें.

परंतु आमचें मन सर्वांत अधिक अडकतें तें हॅरिएट न्यूएल या बाईपाशीं. हुकूम झाल्यावर तीं नवराबायको मॉरिशस बेटाकडे निघालीं. वाटेंत गलबतावर तिला मूल झालें. तें पांचव्या दिवशीं गेलें व त्यास समुद्रांतच सोडावें लागलें. बाईचा क्षय बळावला आणि ता. ३० नोव्हेंबर १८१२ रोजीं पोर्ट लुई येथें ती प्रभूजवळ गेली. वय अवघें १९ वर्षांचें. तिनें एकाही बाईस तिच्या भाषेंत सुवार्ता सांगितली नाहीं. सांगावयास ती भाषा शिकण्याइतका वेळच तिला मिळाला नाहीं. हिशेब ठेवणारा कारकून तिच्या नांवापुढें शून्य मांडील. तिचें चरित्र पुढें अमेरिकेंत घरोघर वाचलें गेलें आणि कित्येकांचीं मनें मिशनकार्याकडे वळलीं, हें खरें. पण बिछान्यावर पडलेल्या त्या मुलीस हें कांहींच ठाऊक नव्हतें. तिनें जें दिलें तें फळ न पाहतां दिलें. (पुढें त्याच बेटावर कोंकणांतून मजूर गेले, आणि त्यांच्या वंशजांत आजही मराठी बोललें जातें. तिला त्याची कल्पना कोठून असणार?)

हॉल व नॉट हे ११ फेब्रुवारी १८१३ रोजीं मुंबईस उतरले. तेथेंही तोच हुकूम त्यांच्या पाठीमागून आला कीं, यांस विलायतेस रवाना करा. गव्हर्नर सर इव्हान नेपियन हे सज्जन गृहस्थ होते, तरी वरच्या हुकमापुढें त्यांचा इलाज चालेना. तेव्हां हे दोघे गुपचूप एका गलबतांत बसून कोचीनकडे गेले, तेथून सिंहलद्वीपास जाण्याच्या बेतानें. आणि धरून परत आणिले गेले. हें त्यांनीं योग्य केलें काय? आम्हांस विचाराल तर तें आम्हांस रुचत नाहीं. ज्या गव्हर्नरानें दया दाखविली त्यास यामुळें खालीं पाहावें लागलें. मिशनऱ्यांचें सर्वच करणें निर्दोष असें आम्हीं लिहूं लागलों, तर वाचणारा विश्वासी शहाणा आहे, तो आमच्यावर विश्वास ठेवणार नाहीं.

परत आल्यावर मात्र हॉलसाहेबांनीं निराळा मार्ग धरिला. डिसेंबर १८१३ मध्यें, गलबत सुटण्याची वेळ आली असतां, त्यांनीं गव्हर्नरास उघड पत्र लिहिलें. त्यांत लपवाछपवी नव्हती. एके दिवशीं आपण दोघेही एकाच न्यायासनापुढें उभे राहणार आहों, तेथें या गोष्टीचें उत्तर द्यावें लागेल, असा त्याचा आशय होता. गव्हर्नरानें त्यांस राहूं दिलें, आणि पुढें विलायतेहूनही परवानगी आली. गुप्त गलबतानें जें साधलें नाहीं तें उघड शब्दानें साधलें. सरकारदरबारीं अर्ज करण्याचा प्रसंग आपल्या कोणा उपदेशकावर येईल, तेव्हां हें ध्यानांत असावें.

यानंतर सर्व सुरळीत झालें असें नाहीं. नॉटसाहेब आजारी होऊन १८१५ सालीं स्वदेशीं परतले. पिर्गाहून माघारीं गेलेल्या योहान मार्कास पौलानें पुढें आपणाजवळ बोलाविलें, म्हणून परतणाऱ्यास नांवें ठेवण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं. न्यूएलसाहेब १८२१ सालीं मुंबईंत पटकीनें वारले. हॉलसाहेब मराठी शिकले, गल्लीबोळांत उभे राहून बोलले, शाळा घातल्या. छापखान्यांतून १८१७ पासून मराठी पुस्तकें निघूं लागलीं. तरी तेरा वर्षांत ख्रिस्ताकडे आलेले लोक फार थोडे. मार्च १८२६ मध्यें ते नाशिकाकडे गेले, तों तेथें पटकीची साथ. जवळचें औषध वांटून संपलें, तेव्हां ते परत फिरले. वाटेंत एका देवळाच्या ओसरीवर रात्रीं निजले असतां पहांटे त्यांस तोच रोग झाला, आणि २० तारखेस कांहीं तासांतच ते गेले. सोबत दोन तरुण मुलगे होते, दुसरें कोणी नाहीं.

अहमदनगरचें काम सुरू होण्यास त्यानंतर पांच वर्षें लागलीं.

आम्हीं वहींतलें तें वाक्य खोडलें आहे. त्याच्या जागीं दुसरें कांहीं लिहिलें नाहीं, कारण काय लिहावें हें अद्याप कळत नाहीं. पण त्या गांवीं पटकी नसली तरी हिंवताप आहे, हें आम्हांस त्या तिन्ही खेपांत दिसलें होतें, आणि आम्हीं केवळ पुस्तकें घेऊन गेलों होतों. येत्या सुगीनंतर चौथ्यानें जाण्याचें ठरविलें आहे. दवाखान्यांतील बाईही बरोबर येण्यास कबूल झाल्या आहेत. बंधुभगिनींनीं प्रार्थनेंत आमची आठवण ठेवावी, आणि पाटलांचीही.