नागीण : नाव, वेदना आणि विश्वास

रोगाला रूपकाच्या कचाट्यातून सोडवावे, रोग हा केवळ रोग म्हणून पाहावा, हा सुसान सोंटॅग यांचा १९७८ सालच्या पुस्तकातील आग्रह समीक्षेच्या वाचकांना परिचित आहे. क्षय आणि कर्करोग ही त्यांची उदाहरणे. रायगडच्या किनाऱ्यावर, चौल-रेवदंड्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत, या आग्रहाची कसोटी पाहणारा एक रोग आहे. लोकांच्या बोलण्यात त्याला रूपकावाचून दुसरे नावच नाही. प्रस्तुत लेखकाला गेल्या पावसाळ्यात नागीण झाली, आणि सोंटॅग यांच्याशी असलेली जुनी सहमती त्या काळात बरीच सैल झाली.

लोकसमजूत सर्वांना ठाऊक आहे. फोडांची माळ पाठीकडून छातीकडे सरकते. तिला तोंड असते, शेपूट असते. दोन्ही टोके जुळून विळखा पूर्ण झाला की माणूस वाचत नाही. म्हणून गेरूचा लेप द्यायचा, जाणत्याकडून मंत्र घालून घ्यायचा, तिची वाट अडवायची. वैद्यकशास्त्राचे म्हणणे असे की लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू जात नाही. कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत तो अनेक दशके निद्रिस्त राहतो आणि वयामुळे वा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती उणावली की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर उतरतो. एडगर होप-सिम्पसन या इंग्लंडमधील साध्या कुटुंबवैद्याने आपल्या १६ वर्षांच्या नोंदींतील १९२ रुग्णांच्या आधारे १९६५ साली ही उपपत्ती मांडली. मज्जातंतू कण्यापासून डावे-उजवे वेगळे निघतात, त्यामुळे फोड सहसा शरीराची मध्यरेषा ओलांडत नाहीत. विळखा पूर्ण होण्याची वेळ बहुधा येतच नाही. समजुतीची मौज अशी की खोटे ठरण्याची संधीच तिला मिळत नाही : नागीण अर्ध्यावर थांबते आणि यश गेरूच्या पदरात पडते.

मात्र एवढ्यावरून 'नागीण' हे अडाणी नाव आणि 'हर्पीस झोस्टर' हे शास्त्रीय, असा निवाडा करता येत नाही. 'झोस्टर' म्हणजे ग्रीक भाषेत कमरपट्टा. इंग्रजीतील 'शिंगल्स'च्या मुळाशीही पट्ट्याचाच लॅटिन शब्द आहे. 'हर्पीस'च्या मुळाशी असलेला ग्रीक धातू सरपटण्याचा; आणि तो धातू व संस्कृतातील 'सृप्' ही सख्खी भावंडे होत. आपला 'स' ग्रीकमध्ये 'ह' होतो, जसे 'सप्त'चे 'हेप्टा'. चरकसंहितेतील 'विसर्प' ही संज्ञा याच धातूची, जरी तिची व्याप्ती नागिणीहून मोठी आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील शब्दात आणि आमच्या आत्याच्या तोंडच्या शब्दात एकच जनावर सरपटत असते; एकातले ते मेलेले आहे, दुसऱ्यातले जिवंत. शास्त्राला रूपक नसते असे नव्हे, त्याला ते विसरता आलेले असते.

जिवंत रूपकाची किंमत मोजावी लागते, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्यांच्या संशोधनातून असायक्लोव्हिर हे औषध निघाले त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. असली औषधे पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर अधिक गुण येतो. ते तीन दिवस गेरू वाळण्याची वाट पाहण्यात गेले तर ते परत येत नाहीत. २०२३ पासून या रोगाची नवी लसही भारतात मिळू लागली आहे. हे सारे आज निःशंकपणे सांगितले पाहिजे.

आत्याला मी ते १९८७ साली, नुकत्याच आलेल्या बुद्धिवादी उमेदीने सांगितले होते. चौलच्या शीतलादेवीला तिने नवस बोलला होता. देवीचा रोग देशातून गेल्याचे १९७७ सालीच जाहीर झाले, देवी मात्र जागच्या जागी आहे, असा विनोदही मी केला. मध्यरेषेची गोष्ट कागदावर आकृती काढून समजावली. तिची भीती खरोखरच गेली. मला त्याचा अभिमान वाटला. पुढे महिनाभरात खपल्या गळल्या, कातडी नितळ झाली, आणि तरीही ती चोळीचा स्पर्श सोसवत नाही म्हणू लागली. पंख्याचा वारा लागला तरी कळवळे. सहा महिने हे चालले. दिसण्यासारखे काहीच नव्हते. मी तिला म्हणालो, "आत्या, आता ते तुझ्या मनात आहे." ती एवढेच म्हणाली, "असेल बाबा." त्यानंतर माझ्यासमोर तिने तो विषय काढला नाही. फोड बरे झाल्यावर तीन महिन्यांहून अधिक टिकणारी ही मज्जातंतूंची वेदना वैद्यकाला पूर्ण परिचित आहे, हे मला माझ्या वेळी कळले. तोवर आत्या जाऊन पुष्कळ वर्षे लोटली होती.

आजारासाठी भाषा अपुरी पडते, अशी व्हर्जिनिया वुल्फ यांची १९२६ सालच्या निबंधातील तक्रार. मराठीबद्दल ती करता येईल असे वाटत नाही. कळ, सणक, चमक, ठणका, ठसठस, चरचर, भगभग, हुळहुळ : यांतील प्रत्येक शब्दाची जागा वेगळी आहे, आणि आत्या ते अचूक वापरत होती. रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदनेच्या शब्दांची जी प्रश्नावली केली तिचे काम ती बिनप्रश्नावलीने करीत होती. 'सकाळी हुळहुळते, रात्री सणकते' या वाक्यात निदान होते. म्हणजे उणीव भाषेची नव्हती, श्रोत्याची होती. अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली उभी राहिली, कारण मुंबईच्या विजेवरील ट्रामने कुलाब्याच्या यंत्रांच्या नोंदी बिघडणार होत्या. पृथ्वीची न दिसणारी, न जाणवणारी थरथर टिपण्यासाठी आपण लोखंड वर्ज्य करून इमारत बांधली. हाकेच्या अंतरावरील बाईची थरथर ऐकण्यासाठी मी माझी खात्री तेवढी वर्ज्य करायची होती.

दुसऱ्याची वेदना मला कशी कळणार, हा तत्त्वज्ञानातील जुना पेच. स्टॅन्ली कॅव्हेल यांनी, विट्गेन्स्टाइन यांच्या विवेचनाच्या आधारे, तो ज्ञानाकडून मान्यतेकडे वळवला : वेदना सांगणारा माणूस माहिती देत नसतो, तो माझ्यावर हक्क सांगत असतो, आणि मी काही केले नाही तर तेही माझे उत्तरच ठरते. मराठीत हा भेद 'जाणणे' आणि 'मानणे' या क्रियापदांत आहे. 'मानणे'मध्ये 'मान'ही आहे. मी आत्याचा रोग जाणत होतो. 'मनात आहे' हे माझे वाक्य ज्ञानाच्या भाषेत होते, म्हणूनच त्यात क्रौर्य आहे हे मला दिसले नाही. आणि येथे सोंटॅग यांच्याशी माझे पटत नाही : मी रूपक काढून घेतले, पण त्याच्या जागी तिला काही दिले नाही. सापाला निदान दंश असतो. नागीण म्हणताना सांगणारी आणि ऐकणारे दोघेही वेदना गृहीत धरून चालत. रूपक खोटे होते, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्याच्या आधारे तिच्या अंगणात येऊन बसणे खोटे नव्हते.

माझे फोड जाऊन आता पाच महिने झाले. डाव्या बरगडीखाली वीतभर जागेवर सदरा टेकू देता येत नाही. गोळ्यांनी झोप लागते, एवढी सोय झाली आहे. विषाणू गेलेला नाही, तो जाणारही नाही. तेव्हा 'बरा झालो' असे म्हणावे की 'बरे वाटते', याचा निर्णय मला करता आलेला नाही. वाडीतल्या काकू कुंपणापलीकडून रोज विचारतात, "उतरली का हो नागीण?" पहिल्या आठवड्यात मी त्यांना विषाणूचे सांगायला गेलो होतो. आता "अजून सणकते" म्हणतो. त्या हातातले काम खाली ठेवतात आणि कधीपासून सणकते ते विचारतात.