माती, खासगी आणि सतरा वाद्ये

२०२५ मध्ये अहिल्याबाई होळकरांच्या जन्माला तीनशे वर्षे झाली आणि त्या निमित्ताने झालेल्या भाषणांत एक सिद्धान्त इतका उगाळला गेला की तो वादग्रस्त आहे याचाही विसर पडावा: कला आपल्या मातीतच रुजते, परक्या मातीत ती फार तर तग धरते. हे मातीवादी संगीताकडे वळले की स्कँडिनेव्हियातला जॅझ हे त्यांचे ठरलेले गिऱ्हाईक असते. न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीयांनी जे भोगले त्याची झळही न लागलेल्या डॅनिश-स्वीडिश वादकांनी महिन्याच्या पगारावर जॅझ वाजवावा, ही त्यांना कलेची थट्टा वाटते. गंमत अशी की ज्या बाईंच्या नावाने हा सिद्धान्त मांडला जातो, त्यांचा काशीतला घाटच त्याच्या आड येतो.

दशाश्वमेधाच्या दक्षिणेला, शीतला आणि मुन्शी या घाटांच्या मध्ये असलेला अहिल्याबाई घाट ज्यांनी बांधवला त्यांचा जन्म चौंडीचा, त्यांचा कारभार (१७६७ ते १७९५) महेश्वरचा, आणि काशी त्यांच्या राज्यात कधीच नव्हती. होळकरांच्या दौलतीत सरकारी महसूल वेगळा असे आणि घरातल्या स्त्रियांच्या खर्चासाठी तोडून दिलेल्या गावांचे उत्पन्न, म्हणजे खासगी, वेगळी असे. राज्याबाहेरचे घाट, धर्मशाळा आणि अन्नछत्रे यांचा खर्च बाईंनी या खासगीतून केला. आपली नसलेली भूमी आपल्या पैशाने सांभाळणे याला आश्रय म्हणतात, आणि कलेच्या इतिहासात मातीपेक्षा या आश्रयाचा हिशेब अधिक नेमका लागतो.

बिग बँडचा तर तो पैपैशाने लागतो. बिग बँड म्हणजे साधारणपणे चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, पाच सॅक्सोफोन आणि त्यांना साथ देणारे पियानो, गिटार, बास व ड्रम असा सतरा जणांचा ताफा. अमेरिकेत तो नाचघरांच्या तिकिटांवर पोसला गेला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सतरा पगार कोणालाच परवडेनासे झाले, तेव्हा ज्या मातीत तो उगवला तिथेच त्याची उपासमार झाली. डेन्मार्कच्या सार्वजनिक रेडिओने १९६४ मध्ये स्वतःचा बिग बँड उभारला. स्वीडनच्या उत्तर टोकाला, लुलेओ येथे, १९८६ पासून नॉरबॉटन बिग बँड सार्वजनिक पैशावर चालतो. नाचणाऱ्यांची मर्जी राखायची नसल्यामुळे तिथे ऐकण्यासाठी लिहिलेले, लांब आणि अवघड संगीत वाजू शकले. माइल्स डेव्हिस यांना १९८४ मध्ये कोपनहेगनमध्ये सोनिंग पुरस्कार मिळाला तेव्हा पाले मिकेलबोर्ग या डॅनिश संगीतकाराने त्यांच्या नावातील दहा अक्षरांना दहा स्वर देऊन त्यावर ‘ऑरा’ ही दीर्घ रचना बांधली, आणि पुढच्या वर्षी डेव्हिस स्वतः ती ध्वनिमुद्रित करायला तिथे गेले. ज्यांची माती, तेच पाहुणे म्हणून आले.

मातीवाद्यांहून फार वरच्या पातळीचा आक्षेप कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक अमिरी बराका यांचा आहे. १९६३ च्या ‘जॅझ अँड द व्हाइट क्रिटिक’ या निबंधात त्यांनी बजावले की समीक्षक स्वर मोजतात आणि ते स्वर ज्या जीवनदृष्टीतून आले ती वगळतात. हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. त्याला उत्तर शोधायचे तर कोपनहेगनपेक्षा मुंबईत शोधावे, वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’त (१९६१).

पेशाने हिशेबतपासनीस असलेल्या वामनरावांनी घराण्यांचाही ताळेबंद मांडला, तो असा की घराण्याची गायकी त्याच्या संस्थापकाच्या आवाजाच्या गुणधर्मातून, त्याच्या मर्यादांसकट, घडते, आणि मग प्रत्येक घराणे स्वर व लय या दोन टोकांच्या दरम्यान आपली जागा घेते: किराणा स्वराच्या टोकाशी, आग्रा लयीच्या टोकाशी, जयपूर मध्यावर. या मांडणीवर यांत्रिकपणाचे आरोप झाले आणि त्यांत तथ्यही आहे. पण मातीवाद्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली ती वेगळ्या कारणाने असावी. घराण्यांना गावांची नावे आहेत म्हणून ती गावांची, अशी त्यांची समजूत, आणि किराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, किराणा घराणे धारवाड-हुबळीकडे बहरले, जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँ कोल्हापूर दरबारी गायले, ही वस्तुस्थिती त्या समजुतीत बसत नाही. वामनरावांच्या हिशेबात गावाला खातेच नाही. आहे तो एक गळा आणि त्या गळ्यापुढे वर्षानुवर्षे बसणारे शिष्य. बराका म्हणतात ती जीवनदृष्टी हवेतून पसरत नाही, ती तालमीतून जाते, आणि म्हणूनच ती प्रवास करू शकते. ड्यूक एलिंग्टन आपल्या बँडच्या स्वरलिपीवर ‘दुसरा ट्रॉम्बोन’ असे न लिहिता वादकाचे नाव लिहीत, कारण ती ओळ त्या ओठांसाठीच असे. डॅनिश रेडिओने १९७०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या थॅड जोन्स यांना बँडच्या प्रमुखपदी बसवले, तेव्हा रेडिओनेही मिरजकरांनी केले तेच केले: माती आणली नाही, गळा आणला.

इथे मात्र आश्रयाच्या सिद्धान्तालाही मुरड घालावी लागते, कारण मुंबईच्या जॅझला आश्रय मिळाला होता. ताजमहाल हॉटेलात मिकी कोरिया यांचा बँड १९३९ पासून दोन दशके वाजत होता. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले गोव्याचे ट्रम्पेटवादक ‘अलबेला’त (१९५१) आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात, आणि त्या चित्रपटाचे संगीतकार सी. रामचंद्र पुणतांब्याचे, म्हणजे चौंडी ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातले. तरीही त्या वादकांच्या नावाने घराणे उभे राहिले नाही. हॉटेलला नाचणारी गिऱ्हाइके हवी होती आणि स्टुडिओला तीन मिनिटांचे गाणे. या वादकांना ते कसे वाजतात ते ऐकण्यासाठी कोणी पैसे दिले नाहीत, म्हणून दारूबंदी आणि पुढे ध्वनिमुद्रित संगीत आल्यावर त्यांना काढून टाकणे सोपे गेले. अर्थात ऐकण्यासाठी पैसे देणाराही हात आखडतो: डॅनिश रेडिओने २०१४ मध्ये आपला चेंबर ऑर्केस्ट्रा काटकसरीपायी बंद केला. खासगीच्याही वाट्याला हेच आले. तिच्या न्यासाकडच्या हरिद्वारच्या कुशावर्त घाटाच्या विक्रीचा वाद २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात होता, आणि अस्मितेच्या व्याख्यानांत त्याचा उल्लेख अभावानेच येतो.

बनारसी अंगाची ठुमरी ज्यांच्या गळ्यात पूर्ण मुरली त्या शोभा गुर्टू बेळगावच्या, आणि त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर अल्लादिया खाँच्या शिष्या. गंगा न्हाल्याशिवाय ठुमरी येत नाही, असे त्यांना कोणी सुनावल्याची नोंद नाही. त्यांचे पुत्र त्रिलोक गुर्टू तबल्यावरून ड्रमकडे गेले आणि नॉर्वेच्या यान गारबारेक यांच्याबरोबर वाजवू लागले. ‘उस्फ्रेट’ (१९८८) या ध्वनिमुद्रिकेत तर आईची ठुमरी आणि डॉन चेरी यांचा ट्रम्पेट शेजारी बसले. दरम्यान मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेने २००६ मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, त्यातले बरेच वादक कझाकस्तानहून आणले, आणि मातीवाद्यांनी त्यावर ओरड केल्याचे ऐकिवात नाही. त्रिलोक गुर्टूंना ‘ट्वेंटी-वन स्पाइसेस’साठी (२०११) पगारी बिग बँड मिळाला तो हँबुर्गच्या रेडिओत.