मद्य ओतणाऱ्या हाताची जबाबदारी

बारावीनंतर हॉटेल व्यवसायाकडे वळणारी मुले आपल्या समाजातही आहेत. त्यांतील काहींना बारटेंडरच्या प्रशिक्षणवर्गाचे आकर्षण वाटते. हातात कसब आले की मोठी हॉटेले, पर्यटक जहाजे आणि परदेशाची दारे उघडतील, ही त्यामागची आशा. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरील ज्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर आणि आखातात रोजी शोधली, त्यांना ही वाट अनोळखी वाटत नाही. असा एखादा तरुण विचारतो, ‘‘मी स्वतः थेंबभरही पीत नाही, केवळ इतरांना देतो, मग माझी कमाई हराम कशी?’’ त्याला रागावून गप्प करणे हे उत्तर नव्हे.

या वर्गांत काय शिकवितात ते आधी पाहू. 30 मिलिलिटरचे माप न सांडता ओतणे, आंबट-गोडाचा तोल साधणे, बाटल्या हवेत फेकून झेलणे, फळांच्या चकत्यांनी पेला सजविणे. हे हस्तकौशल्य आहे आणि कौशल्य ही अल्लाहची देणगी होय. परंतु त्याच्या जोडीला पाहुण्याचा कल ओळखून त्याला अधिक महागडे किंवा आणखी एक पेय सुचविण्याची कलाही शिकावी लागते. ‘केवळ देतो’ हे म्हणणे येथेच डळमळते. दुसऱ्याच्या इच्छेला खतपाणी घालणे हाच कामाचा भाग असेल, तर ओतणारा हात तटस्थ कसा राहील?

दिव्य कुरआनने (5:90-91) मद्य व जुगार यांपासून दूर राहण्याची आज्ञा देताना कारणही सांगितले आहे. त्यांतून माणसामाणसांत वैर व द्वेष माजतो आणि माणूस अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून दुरावतो. या हानीमागे एकटा पिणारा नसतो, पुरविणाऱ्यांची पूर्ण साखळी असते. म्हणूनच तिर्मिजीतील हदीसनुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मद्याच्या संदर्भात दहा जणांचा धिक्कार केला. त्यांत गाळणारा, वाहून नेणारा, विकणारा आणि त्याची किंमत खाणारा आहे; तसा पाजणाराही आहे. ‘मी नाही ओतले तर दुसरा ओतेल’ ही सबबही टिकत नाही. दुसऱ्याचा हिशेब दुसरा देईल. सूरह यासीन (36:65) आपल्याला सांगते की, त्या दिवशी तोंडे बंद होतील आणि हात बोलतील.

ही हदीस कथन करणारे हजरत अनस (रजि.) यांची हकीकत येथे मार्गदर्शक आहे. मद्य निषिद्ध झाल्याची घोषणा झाली, तेव्हा हजरत अबू तल्हा (रजि.) यांच्या घरी बसलेल्या मंडळींना मद्य पाजण्याचे काम तेच करीत होते. वयाने ते त्या सर्वांत लहान. घोषणा कानी पडताच अबू तल्हांनी त्यांना मद्य ओतून देण्यास सांगितले आणि मदीनेच्या गल्ल्यांतून ते वाहू लागले. पाजणारा हातच ओतून टाकणारा झाला. पुढे याच तरुणाने प्रेषितांच्या (स.) शिकवणीचा मोठा ठेवा उम्मतपर्यंत पोहोचविला.

यात वडीलधाऱ्यांसाठीही बोध आहे. ओतून टाक, असे सांगणारा घरातील कर्ता पुरुष होता. आपण मात्र मुलाचा पगार विचारतो, पगार कशाचा ते विचारत नाही. वर्गाचे शुल्क भरण्यापूर्वी त्याच्याशी बसून बोला. ज्या हाताला माप आणि चव कळते, त्याला कॉफी, सरबते, बेकरी, स्वयंपाक यांत हलाल वाट सापडू शकते. जो आधीच या नोकरीत अडकला आहे, त्याला हिणवू नका. त्याने जाणकार आलिमांचा सल्ला घ्यावा व दुसरे काम नेटाने शोधावे. जमाअतीने त्याला भांडवल आणि ओळखीचा आधार द्यावा. अल्लाहचे भय बाळगणाऱ्यासाठी तो मार्ग काढतो आणि कल्पनेपलीकडून रोजी देतो, हे त्याचे वचन आहे (65:2-3). पुष्कळदा हा मार्ग आपल्याच मदतीच्या हातातून जातो. तो आखडता घेऊ नका.