डोळा लेकराचा, औषध गावाचं

काय रे, सव्वा महिन्याच्या लेकराचा डोळा गळतोय आणि तू मला मोबाइलवरचा फोटो दाखवतोस? ठेव तो खिशात. विचारतो त्याचं उत्तर दे. पाणी कधीपासून येतंय? एका डोळ्यातून की दोन्ही? नुसतं पाणी आहे की पिवळा पू? डोळ्याचा पांढरा भाग लाल झालाय का? उजेडात डोळा उघडतो की घट्ट मिटून घेतो?

एकाचंही उत्तर येत नाही. आई असं म्हणते, मेडिकलवाला तसं म्हणतो. तू काय पाहिलंस? हळदीच्या पानावर करपा दिसला की खतवाल्यासमोर पान धरून ठिपका केवढा, कडा कशी, कोणत्या वावरात, सगळं घडाघडा सांगतोस. पोटच्या लेकराच्या डोळ्याकडे मात्र पाच मिनिटं नीट बघवलं नाही.

त्या डोळ्यात काय काय गेलं ते मीच सांगतो. आजीनं काजळ भरलं. शेजारणीच्या सांगण्यावरून आईचं दूध पिळलं. कुणीतरी मधाचं बोट लावलं. रोज अंघोळीनंतर ओवा-वावडिंगाची धुरी, तीही दार-खिडकी लावून. अरे, त्या धुरात तू दोन मिनिटं बसून बघ, तुझेही डोळे गळतील! आजीवर मी रागावत नाही. तिनं तुला वाढवलं तेव्हा डॉक्टर गाठणं म्हणजे दिवसभराचं काम होतं. दृष्ट लागू नये म्हणून तिला तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावू दे. काजळ घरचं असो की डबीतलं, ते भरणारं बोट, त्यातली काजळी, सगळं डोळ्यात जातं. विकतच्या काही काजळ-सुरम्यांत तर शिसं सापडलंय, आणि शिसं लेकराच्या मेंदूला घातक असतं.

पण ती ड्रॉप्सची बाटली आजीनं नाही आणली. ती तू आणलीस, चिठ्ठीशिवाय. तिच्यात स्टेरॉइड आहे की नाही, वाचलंस? दहावीला विज्ञान होतं ना तुला? डोळा न तपासता असले थेंब घातले तर आतला दाब वाढू शकतो, आणि जंतुसंसर्ग असला तर तो आणखी बळावतो. शिवाय बाटली आधीच कुणाच्या तरी डोळ्यासाठी फोडलेली. फोडलेली बाटली महिन्याभरात फेकायची असते, कपाटात जपून ठेवायची नसते.

आता ऐक. डोळ्यातलं पाणी नाकात उतरायला एक बारीक नळी असते. कित्येक बाळांत तिच्या खालच्या टोकाला जन्मतः पातळ पडदा राहून जातो. मग पाणी गालावर येतं, सकाळी पापण्या चिपडांनी चिकटतात. डोळा पांढराशुभ्र असेल, लेकरू दूध पीत असेल, खेळत असेल, तर बहुधा हेच. शंभरातल्या नव्वद बाळांचा हा पडदा वर्षाच्या आत आपोआप उघडतो. नाहीच उघडला तर डॉक्टर बारीक सळई घालून वाट मोकळी करतात. तोवर मालिश. क्रिगलर नावाच्या अमेरिकन डॉक्टरानं १९२३ साली ती लिहून ठेवली आणि आजही तीच करतात. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट टेकवायचं, हलका दाब द्यायचा आणि नाकाच्या कडेनं खाली ओढायचं. पाच-दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. जोर नको, चोळायचं नाही. किती दाब द्यायचा ते एकदा डॉक्टरकडून हातानं शिकून घे, माझ्या तोंडून नको. चिपडं उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसानं आतून बाहेर पुसायची, आणि एक कापूस एकदाच वापरायचा.

हे ऐकून निवांत होऊ नकोस. बुबुळ धुरकट किंवा मोठं दिसतंय, उजेड सहन होत नाही, बाहुलीत पांढरी झाक आहे, नाकाजवळ लाल-निळसर फुगवटा आहे, पापणी सुजून ताप आलाय, यातलं एक जरी असलं तर त्याच दिवशी दवाखाना. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत भरपूर पू आला तर तासभरही थांबायचं नाही, नजर जाऊ शकते. जर्मनीत लाइपझिगच्या प्रसूतिगृहात शंभरातल्या दहाएक बाळांना हा आजार व्हायचा. क्रेडे नावाच्या डॉक्टरानं १८८० पासून जन्मताच डोळ्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायला सुरुवात केली आणि तो जवळजवळ नाहीसा झाला. थेंब त्यानंही टाकला, पण आजार ओळखून टाकला.

आणि आशाताईला तू दारातून परत पाठवलंस म्हणे, 'सगळं ठीक आहे' म्हणून. ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी चहा प्यायला येत नाही. तिच्या फॉर्मवर लेकराच्या डोळ्यांचीही नोंद असते. घरोघरी बाळ तपासायची ही पद्धत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत उभी केली. आपला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला त्याच १९९९ साली त्यांचं काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, जगानं वाचलं. आणि तू तिला उंबरठा ओलांडू देत नाहीस!

पैशाचं कारण मला सांगू नकोस. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात तपासणी, औषध, ने-आण सगळं मोफत आहे. आधी आशाताईला फोन लाव आणि माफी माग. उद्या लेकराला घेऊन हिंगोलीला जिल्हा रुग्णालयात जा. ती बाटली सोबत ने, आणि काजळापासून मधापर्यंत काय काय घातलं ते डॉक्टरांना न लपवता सांग. मी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं आज रात्री डोळ्याकडे बघून वहीत लिही. आणि जायच्या आधी ती नखं काप. ह्या हातांनी मालिश करणार होतास?