मालकी आणि वहिवाट

हिंदी महासागरातल्या छोट्या बेटांवर आपल्याकडे चर्चा सुरू झाली की ती पाच मिनिटांत एकाच प्रश्नावर येऊन थांबते : हे बेट कोणाकडे? आपल्याकडे की चीनकडे? मॉरिशसच्या बाबतीत तर तेवढाही वेळ लागत नाही, कारण उत्तर गृहीतच असतं. बहुसंख्य लोक भारतीय वंशाचे, त्यांत कोकणातून ऊसमळ्यांवर गेलेल्यांची मराठी घरंही आलीच. गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी. आणि स्वातंत्र्यदिन 12 मार्च, म्हणजे दांडीयात्रा निघाली तो दिवस. 29 फेब्रुवारी 2024 रोजी अगालेगा बेटावरच्या नव्या धावपट्टीचं आणि धक्क्याचं दोन्ही पंतप्रधानांनी उद्घाटन केलं, तेव्हा आपल्या वाहिन्यांनी ‘आपला नवा तळ’ म्हणून आनंद साजरा केला. 22 मे 2025 रोजी ब्रिटननं चागोस द्वीपसमूहावरचं मॉरिशसचं सार्वभौमत्व मान्य करणाऱ्या करारावर सही केली, तेव्हा चर्चा झाली ती अमेरिकेचं काय आणि चीनचं काय याची. दोन्ही वेळी मॉरिशस हा देश चर्चेत जवळजवळ नव्हताच. होती ती नकाशावरची एक जागा.

मॉरिशस आपल्या रक्ताचा आहे म्हणून आपल्या बाजूला आहे, हे म्हणणं फार वेळ देण्याच्या लायकीचं नाही. रक्ताची नाती राष्ट्रांच्या तहात कलम म्हणून लिहिता येत नाहीत. चीनच्या कर्जसापळ्याची गोष्टही इथे फारशी लागू पडत नाही. मॉरिशसनं चीनशी मुक्त व्यापार करार केला, तो 1 जानेवारी 2021 पासून लागू झाला, आणि त्याच वर्षी एप्रिलपासून भारताशी केलेला आर्थिक सहकार्याचा करारही लागू झाला. दोन दुकानांशी व्यवहार ठेवणाऱ्याला कोणी फितूर म्हणत नाही.

मला खरं भांडायचं आहे ते तिसऱ्या मताशी, कारण ते प्रौढ आणि जाणतं असल्याचा आव आणतं. ते मत म्हणजे ‘बळी तो कान पिळी’. छोट्या देशाला परराष्ट्र धोरण नसतंच, त्याला फक्त ठिकाण असतं. ते तो सर्वांत जास्त बोली लावणाऱ्याला भाड्यानं देतो. आंतरराष्ट्रीय कायदा ही दुबळ्यांनी मनाची समजूत घालण्यासाठी काढलेली सोय आहे, असं हे मत सांगतं. चागोसच्या कराराकडे बोट दाखवून ते म्हणतं : बघा, साठ वर्षं न्यायाच्या गोष्टी केल्या आणि शेवटी काय? चागोसमधल्या दिएगो गार्सिया बेटावरचा अमेरिकी तळ तिथेच राहिला, 99 वर्षांसाठी राहिला, आणि मॉरिशसला वर्षाला सरासरी 10.1 कोटी पौंड भाडं मिळायचं ठरलं.

हे मत खोटं आहे असं मी म्हणत नाही. ते अर्धवट आहे, आणि नेमका महत्त्वाचा अर्धा भाग त्यातून गळला आहे. बळी इतका बळी असेल, तर त्याला दुबळ्याची सही का लागते?

1965 च्या सप्टेंबरात लंडनमध्ये काय झालं ते जरा जवळून पाहावं. मॉरिशसच्या स्वातंत्र्याची बोलणी लँकेस्टर हाउसमध्ये चालू होती. अमेरिकेला हिंदी महासागरात तळासाठी जागा हवी होती आणि ब्रिटननं चागोस मॉरिशसपासून तोडून ती द्यायचं मनाशी ठरवलं होतं. बेटं ब्रिटनच्याच ताब्यात होती, आरमार ब्रिटनचं होतं, वसाहतही ब्रिटनची. तरीही 23 सप्टेंबरच्या सकाळी पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन मॉरिशसचे नेते शिवसागर रामगुलाम यांना भेटले, आणि त्या भेटीआधी विल्सनना दिलेल्या टिपणात हेतू स्पष्ट लिहिलेला होता : रामगुलामना आशा दाखवूनच घाबरवायचं. स्वातंत्र्य मिळेल ही आशा, आणि चागोसच्या बाबतीत शहाणपणानं वागलं नाही तर ते मिळणार नाही ही भीती. त्याच दिवशी दुपारच्या बैठकीत संमती मिळवली गेली. मोबदला 30 लाख पौंड. पुढे पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या व्यवहारात अमेरिकेनं ब्रिटनला या बेटांपोटी 1.4 कोटी डॉलरची सवलत दिली, ती मॉरिशसला सांगितलीही गेली नाही.

नुसता कान पिळायचा असता तर एवढा खटाटोप कशाला? संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं 1960 साली वसाहतींची प्रादेशिक अखंडता मोडू नये असं सांगून ठेवलं होतं. ब्रिटनला ‘त्यांनी स्वतःहून दिलं’ असं म्हणता येणं आवश्यक होतं. म्हणजे सगळ्या आरमारापेक्षा त्या दुपारी एका कागदाला जास्त किंमत होती, आणि तो कागद देणं न देणं रामगुलामांच्या हातात होतं. त्यांनी तो दिला. दबावाखाली दिला, हे खरं. आणि दिला तो मालकीचा दिला, हे त्याहून खरं.

पण त्याच कागदाला दुसरी बाजूही आहे, आणि ‘कान पिळी’वाले तिच्याविषयी कधी बोलत नाहीत. आठवडाभरानं, 1 ऑक्टोबरला, रामगुलाम यांनी हातानं लिहून आणखी मुद्दे पाठवले. मासेमारीचे हक्क, हवामान आणि नौकानयनाच्या सोयी, खनिजं किंवा तेल सापडलं तर त्याचा लाभ मॉरिशसला. संरक्षणासाठी गरज संपली की बेटं परत देऊ, असं आश्वासन बैठकीच्या इतिवृत्तात आलेलंच होतं. वसाहतीतल्या एका नेत्याच्या या किरकोळ वाटणाऱ्या ओळींना ब्रिटिश अधिकाऱ्यांनी फार महत्त्व दिलं असेल असं वाटत नाही. 18 मार्च 2015 रोजी सागरी कायद्याखाली नेमलेल्या लवादानं निर्णय दिला की ही आश्वासनं ब्रिटनवर कायद्यानं बंधनकारक आहेत, आणि चागोसभोवती 2010 साली मॉरिशसला न जुमानता जाहीर केलेलं सागरी संरक्षित क्षेत्र त्या बंधनांचा भंग करतं. पन्नास वर्षांनी एका हस्ताक्षरातल्या यादीनं साम्राज्याला उत्तर द्यायला लावलं.

त्यापुढचं सर्वांना ठाऊक आहे, किंवा असायला हवं. 2017 मध्ये आमसभेनं चागोसचा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे सोपवला; ब्रिटनच्या बाजूनं एरवी हात वर करणारे अनेक युरोपीय देश तटस्थ राहिले. आफ्रिकी संघ आणि भारत मॉरिशसच्या बाजूनं न्यायालयात उभे राहिले. 2018 मध्ये मॉरिशसचे ज्येष्ठ नेते अनिरुद्ध जगन्नाथ न्यायालयापुढे बोलले, ते स्वतः 1965 च्या बोलण्यांना हजर होते. 25 फेब्रुवारी 2019 रोजी न्यायालयानं 13 विरुद्ध 1 मतानं सांगितलं की चागोस तोडणं लोकांच्या खऱ्या इच्छेवर आधारलेलं नव्हतं, म्हणून मॉरिशसचं निर्वसाहतीकरण कायदेशीररीत्या पूर्ण झालेलंच नाही. त्याला धरून आमसभेत ठराव झाला तो 116 विरुद्ध 6 असा. न्यायालयाचं मत सल्ल्याच्या स्वरूपाचं होतं, बंधनकारक नव्हतं. जाणत्यांनी खांदे उडवले. पण 2021 मध्ये जागतिक टपाल संघटनेनं चागोससाठी ब्रिटननं काढलेली ‘ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश’ या नावाची तिकिटं नाकारली आणि त्याच वर्षी सागरी न्यायाधिकरणानं मालदीवशी असलेल्या हद्दीच्या वादात चागोस मॉरिशसचं धरलं. टपालाचं तिकीट ही क्षुल्लक गोष्ट आहे. पण राज्य म्हणजे बऱ्याच अंशी अशा क्षुल्लक गोष्टींवर इतरांनी दिलेली मान्यताच असते, आणि ती एकेक करून काढून घेतली गेली तेव्हा लंडनला बोलणीला बसावं लागलं.

आता 2025 चा करार पुन्हा वाचावा. ब्रिटन म्हणत होतं, 1814 पासून ताबा आमचा. हा वहिवाटीचा दावा आहे, आणि आपल्या गावोगावच्या बांधांच्या भांडणांत तो आपण ऐकलेला आहे : कसतो मी, तर जमीन माझी. मॉरिशसनं कित्येक दशकं एकच गोष्ट लावून धरली की वहिवाटीनं मालकी होत नाही. तळ हलवा असं त्यानं शेवटी शेवटी म्हटलंच नाही. वापर चालू ठेवा, पण तो आमच्या परवानगीनं आहे हे लिहून द्या, एवढंच म्हटलं. 1965 साली मॉरिशसनं मालकी देऊन रोख रक्कम घेतली होती. या करारात त्यानं मालकी आपल्या नावावर लावून वापर द्यायचं आणि भाडं घ्यायचं ठरवलं. दोन्ही व्यवहारांत तळ तोच आणि विमानं तीच. तरीही दोन्ही सारखेच आहेत असं ज्याला वाटतं, त्यानं भाडेपावती आणि खरेदीखत यांतला फरक कधी सोसलेला नसावा.

करार आदर्श नाही. दिएगो गार्सियाच्या भोवती 24 सागरी मैलांत काय बांधायचं यावर ब्रिटनला नकाराधिकार आहे, मुदत आणखी 40 वर्षांनी वाढण्याची सोय आहे, आणि सही झाल्यावरही वॉशिंग्टन आणि वेस्टमिन्स्टरमध्ये त्यावरून काहूर उठलं. 2016 साली भारतानं मॉरिशसशी असलेला जुना कर-करार बदलायला लावला तेव्हा कान पिळला गेला हेही मान्य. बळ नसतं असं कोण म्हणतंय? बळाला सही लागते आणि सही कशावर करायची हे छोट्याला ठरवता येतं, एवढाच माझा दावा आहे.

हे छोट्यांना आपसांतही जमतं. मॉरिशस आणि सेशेल्स यांच्यामध्ये मास्करीन पठारावर समुद्रतळाचा सुमारे 3,96,000 चौरस किलोमीटर भाग दोघांच्या दाव्यात येत होता. 2012 मध्ये त्यांनी तह करून तो संयुक्त व्यवस्थापनाखाली घेतला. मालकी कोणाची किती यावर वर्षानुवर्षं घासाघीस करण्यापेक्षा वापराचे नियम त्यांनी आधी ठरवले. उलट त्रोमलँ या वाळूच्या एवढ्याशा बेटाबाबत मॉरिशसनं 2010 मध्ये फ्रान्सशी संयुक्त व्यवस्थापनाचा करार केला, सार्वभौमत्वाचा प्रश्न बाजूला ठेवून. फ्रेंच संसदेनं तो मंजूरच केला नाही. वापर वाटून घेतला तर मालकी हातून जाईल, ही भीती पॅरिसलाही वाटते. मोठ्या राष्ट्राला हा फरक इतका नीट कळतो, तर आपण तो छोट्यांना का नाकारावा?

म्हणूनच अगालेगा मला अस्वस्थ करतं. राजधानी पोर्ट लुईपासून हजारभर किलोमीटर उत्तरेला, तीनेकशे वस्तीचं हे बेट. तिथं सुमारे तीन किलोमीटरची धावपट्टी भारतानं बांधली. दोन्ही सरकारं म्हणतात तळ नाही. रहिवाशांना दळणवळण मिळावं आणि मॉरिशसला आपल्या समुद्रावर लक्ष ठेवता यावं म्हणून ही सोय. मालकी मॉरिशसची आहे याविषयी कोणालाच शंका नाही. डिसेंबर 2024 मध्ये चिडो वादळानं बेट झोडपलं तेव्हा मदत पोचवायला ही धावपट्टी कामी आली, आणि हे मी मनापासून चांगलं मानतो. पण भारताशी झालेल्या 2015 च्या सामंजस्य कराराचा मजकूर मॉरिशसच्या संसदेत मागितला गेला तेव्हा गोपनीयतेचं कारण सांगून तो नाकारला गेला. वापर कोण, किती, कशासाठी आणि किती काळ करणार, हे ज्या कागदावर आहे तोच लोकांनी पाहिलेला नाही. अलिखित किंवा अदृश्य वहिवाट पुढे काय होते हे मॉरिशसला कोणी शिकवायला नको. हेगमध्ये त्याच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या आपल्याला तरी ते आठवायला हवं. भारत ब्रिटन नाही, असं मला सांगितलं जाईल. मलाही तसंच वाटतं. पण कागदावर नसलेला चांगुलपणा पुढच्या सरकारला बांधत नाही.

आणि एक अडचण माझ्याच भेदाला आहे. मालकी देशाची असते; राहणं माणसांचं असतं. 1967 ते 1973 या काळात चागोसवरून दीड-दोन हजार माणसं उठवली गेली. पेरोस बान्होसवर जन्मलेल्या लिझबी एलिझे यांनी 2018 मध्ये चित्रफितीतून, आपल्या क्रिओल भाषेत, हेगच्या न्यायाधीशांना सांगितलं की नॉर्दव्हेर जहाजावर त्यांना जनावरांसारखं कोंबलं होतं, त्या गरोदर होत्या, आणि त्यांचं मूल जन्मताच गेलं. त्यांची साक्ष मॉरिशसच्या बाजूनं होती. पण मे 2025 मध्ये करारावर सही होण्याच्या पहाटे तो थोपवायला लंडनच्या न्यायालयात गेल्या त्या दिएगो गार्सियावर जन्मलेल्या दोन स्त्रियाच. आम्हाला विचारलं कोणी, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांना 1965 सालीही विचारलं गेलं नव्हतं, आणि या वेळी विचारलं नाही ते ब्रिटननं आणि मॉरिशसनं मिळून. करारानुसार इतर बेटांवर पुन्हा वस्ती करण्याची मोकळीक मॉरिशसला आहे, दिएगो गार्सियावर नाही. चागोसवासीयांसाठी 4 कोटी पौंडांचा निधी आहे. मालकी परत मिळवणाऱ्या देशानं मूळ वहिवाटदारांना आपल्या बाजूनं बसवलं असतं, तर त्याचा दावा आणखी भक्कम झाला असता. पोर्ट लुईला अजून ते करता येईल. पेरोस बान्होस आणि सालोमाँ या बेटांवर कोणी, कोणत्या हक्कानं, कोणाच्या खर्चानं परत जायचं, हे चागोसवासीयांबरोबर बसून लिहायचं आहे, आणि ते लिहिण्याचा अधिकार या वेळी करारानं मॉरिशसला देऊ केला आहे.