'मत' ह्या शब्दाचा अर्थ व आपलें कर्तव्य

निवडणुकीचा दिवस जवळ आला म्हणजे उपासना आटोपल्यावर मंडळींतील कोणी तरी उपदेशकास बाजूला घेऊन म्हणतो, "मास्तर, मत कोणाला द्यायचें तें सांगा, म्हणजे आम्ही मोकळे." प्रश्न विश्वासानें विचारलेला असतो, आणि उत्तर देण्याचा मोहहि मोठा असतो. परंतु उत्तर देण्यापूर्वीं त्या प्रश्नांतील एका लहानशा शब्दाकडे आपण पाहूं.

'मत' हा शब्द विचार करणें ह्या अर्थाच्या 'मन्' ह्या संस्कृत धातूपासून झाला आहे. मन, मनन व मति हे शब्द त्याच कुळांतले. मत म्हणजे मनानें विचार करून ठरविलेली गोष्ट. ह्याच अर्थानें आपण तो रोज वापरतों. मुलीचें स्थळ पाहावयाचें असलें म्हणजे वडील माणसांचें मत घेतों. विहीर कोठें खणावी ह्याविषयीं जाणत्याचें मत विचारतों. दोघां भावांचें पटलें तर एकमत झालें म्हणतों, न पटलें तर मतभेद. धर्मांतील सिद्धांतासहि आपल्या भाषेंत मतच म्हणतात. पुढें निवडणुका आल्या, तेव्हां त्यांत द्यावयाच्या निर्णयासहि हेंच नांव मिळालें. ज्याला इंग्रजींत 'व्होट' म्हणतात त्या शब्दाचें मूळ लॅटिन असून त्याचा अर्थ नवस किंवा इच्छा असा होतो. आपल्या शब्दाचा अर्थ विचार असा आहे. म्हणून विचारावांचून दिलेलें मत हें नांवाचेंच मत होय.

वृत्तपत्रें 'मतदारांनीं कौल दिला' असें लिहितात. पण कौल आणि मत हीं एक नव्हेत. देवळांत मूर्तीला फूल किंवा तांदूळ लावून तें उजवीकडे पडतें कीं डावीकडे हें पाहतात, त्यांत विचारणाऱ्याच्या बुद्धीला कांहींच काम नसतें. "कोणाला देऊं तें सांगा" असें म्हणणारा आपल्या उपदेशकाजवळ कौलच मागतो. ज्या चालीचा आपण त्याग केला ती दुसऱ्या दारानें मंडळींत येऊं द्यावी काय?

शास्त्रांतहि ह्या शब्दाला जोड आहे. प्राचीन ग्रीक लोक खडा टाकून निवाडा देत, म्हणून त्यांच्या भाषेंत खडा आणि मत ह्यांस एकच शब्द होता. प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय २६ ह्यांत पौल अग्रिप्पा राजापुढें आपला पूर्वेतिहास सांगतो, तेथें तोच शब्द आला आहे. पवित्र जनांचा वध होत असतां आपण त्यांच्याविरुद्ध खडा टाकला, असें तो कबूल करितो. किती वर्षें लोटलीं, तरी तो "सर्वांनीं टाकला म्हणून मींहि टाकला" असें म्हणत नाहीं. आपला खडा आपलाच म्हणून ओळखतो. ह्याउलट अरिमथाईचा योसेफ. तोहि सभेचा सभासद होता, परंतु प्रभूविरुद्ध इतरांनीं केलेल्या ठरावास त्यानें संमति दिली नाहीं, असें लूक सांगतो. आणि बुरूज बांधूं पाहणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, असें प्रभूनें सांगितलें, तेथील हिशेब करणें हें क्रियापदहि त्याच खड्यापासून झालेलें आहे. आधीं हिशेब, मग खडा.

हा हक्क आपल्या वाडवडिलांपैकीं बहुतेकांस नव्हता. इंग्रजी अमलांत तो मालमत्ता, सारा, शिक्षण अशा अटींवर मोजक्यांस मिळे. इ. स. १९५० च्या संविधानानें तो प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास दिला, आणि १९८९ पासून वयाची अट २१ वरून १८ वर्षांवर आली. आज पाटलाचें मत एक, त्याच्या शेतावर राबणाऱ्या बाईचेंहि एक. तिचें मत तिच्या नवऱ्याचें नव्हे, मालकाचें नव्हे, आणि मंडळीच्या पंचांचेंहि नव्हे. तें कोणास दिलें हें सांगण्याची सक्ति कोणी तिच्यावर करूं शकत नाहीं. १९५१ च्या कायद्यानें तें गुप्त राखिलें आहे.

आतां एक अवघड प्रश्न. पुष्कळ जण म्हणतात, "पैसे एकाचे घेतले, पण मत मनाप्रमाणें दुसऱ्यास दिलें, तर पाप कसलें?" प्रश्न विचारणारा कित्येकदां खरोखर गरजवंत असतो. घरांत दाणा नाहीं, पावसानें दगा दिलेला, आणि दारांत कोणी नोटा घेऊन उभा. अशा मनुष्यास धिक्कारणें सोपें आहे, व तें आपलें काम नव्हे. त्याच्या भुकेचा व्यापार करणारा अधिक दोषी. तरी खरें तें सांगितलें पाहिजे. ज्यानें पैसे घेतले त्यानें मुकाट्यानें एक वचन दिलें, आणि तें मोडण्याचें मनांत धरूनच दिलें. लाच घेणें हा एक दोष, व असत्य हा दुसरा. कायद्यानेंहि १९२० पासून देणारा व घेणारा ह्या दोघांस अपराधी धरिलें आहे, व २०२३ च्या भारतीय न्याय संहितेंत तेंच कायम आहे. शिवाय आपण 'मतदान' म्हणतों. दानाचें मोल घेतलें म्हणजे तें दान राहत नाहीं. मंडळीच्या थैलींत टाकलेल्या नाण्याचे पैसे कोणी परत मागतो काय?

म्हणून उपदेशक बंधूंनो, तो प्रश्न पुन्हा कानीं आला तर नांव सांगूं नका; मंडळीच्या मतांचा गठ्ठा बांधून कोणाच्या हातीं देऊं नका. विचारणाऱ्यास बसवून घ्या व त्यालाच विचारा: ह्या मनुष्यानें दुर्बळाचा न्याय केला काय? पाण्याच्या वेळीं, रेशनच्या वेळीं, भांडणाच्या वेळीं तो कोणाच्या बाजूस उभा होता? मग त्याला प्रार्थना करून घरीं जाऊं द्या. तो मोकळा होणार नाहीं हें खरें. पण त्याचें मन त्याचेंच राहील, आणि त्याच मनाचा हिशेब एके दिवशीं त्याला प्रभूपुढें द्यावयाचा आहे.