मोटार, पिस्तूल आणि साधारणधर्म

संस्कृत अलंकारशास्त्राने उपमेची चार अंगे सांगितली आहेत: उपमेय, उपमान, साधारणधर्म आणि वाचक शब्द. मुख चंद्रासारखे आल्हाददायक आहे, असे म्हटले की चारही अंगे पूर्ण होतात. परंतु यांपैकी एखादे अंग गाळले तरी उपमा उभी राहते, आणि शास्त्रकारांनी तिला लुप्तोपमा असे नावही दिले आहे. साधारणधर्म गाळला, तर तो ऐकणाऱ्याने आपल्या मनाने भरून काढायचा असतो. विनोदाचे बळ पुष्कळदा या गाळलेल्या जागेत असते. ऐकणारा ती जागा भरतो आणि भरता भरता हसतो. आपण काय भरले, याचा हिशेब मात्र तो सहसा करीत नाही.

अमेरिकेत पिस्तूल बाळगणाऱ्यांच्या गप्पांत अशी एक लुप्तोपमा फार आवडीने फिरत असते. कोणाच्या दारात कोणती मोटार उभी आहे हे सांगा, म्हणजे त्याच्या कमरेला कोणते पिस्तूल आहे ते सांगतो, असा तिचा थाट असतो. ग्लॉक म्हणजे टोयोटा कोरोला: दिसायला निरस, वागायला विश्वासू, आणि गल्लीत प्रत्येकाकडे एक. जॉन ब्राउनिंगने आखलेले आणि १९११ साली अमेरिकन सैन्याने स्वीकारलेले कोल्ट म्हणजे जुनी मस्टँग. अर्धा रविवार तिला पुसण्यात जातो आणि उरलेला अर्धा तिच्याविषयी बोलण्यात. सिग सॉवर म्हणजे जर्मन बनावटीची महागडी मोटार. ती घेतल्यापासून धनी किमतीचा विषय आपण होऊन काढत नाही, पण कोणी काढला तर त्याला वाईटही वाटत नाही. हाय-पॉइंट हे स्वस्त, जड आणि बेढब पिस्तूल म्हणजे १९८५ पासून काही वर्षे अमेरिकेत विकली गेलेली युगोस्लाव्हियाची युगो. तिला हसण्याचा हक्क सर्वांना, आणि ती चाललीच तर आश्चर्य करण्याचाही. जवळजवळ दोन किलो वजनाचे डेझर्ट ईगल म्हणजे लष्करी छावणीतून थेट बाजारात उतरलेली हमर: गरज कशाची आहे हा प्रश्न विचारायचा नाही, आवाज ऐकायचा. आणि आजोबांचे रिव्हॉल्व्हर म्हणजे आजोबांचाच जुना पिकअप ट्रक, जो विकायला कोणी धजत नाही आणि वापरायलाही.

या तुलना हास्यास्पद आहेत, पण खोट्या नाहीत, हे प्रथम मान्य केले पाहिजे. त्यांतील साधारणधर्म शोधू लागले की तो लोखंडात किंवा प्लास्टिकात सापडत नाही. तो धन्याच्या स्वभावात सापडतो. काटकसर, दिखाऊपणा, जुन्याचा लोभ, नव्याची हौस, चारचौघांसारखे असण्यातले समाधान, चारचौघांसारखे नसण्यातला अभिमान, हे सारे मोटारीच्या निवडीत जसे प्रकट होते तसेच पिस्तुलाच्या निवडीतही होते. कादंबरीकारांना हे ठाऊक होते. इयन फ्लेमिंगच्या जेम्स बाँडकडे सुरुवातीला एक लहानसे बेरेटा होते. १९५६ मध्ये ग्लासगोच्या जेफ्री बूथरॉइड नावाच्या शस्त्रजाणकाराने लेखकाला पत्र लिहून, हे तर बायकी शस्त्र आहे, अशी हरकत घेतली. फ्लेमिंगने ती मानली. १९५८ च्या ‘डॉक्टर नो’ या कादंबरीत नायकाच्या हाती वॉल्थर आले आणि ते देणाऱ्या अधिकाऱ्याला मेजर बूथरॉइड हे नावही मिळाले. पुढे १९६४ च्या चित्रपटात त्याच नायकाला ॲस्टन मार्टिन मिळाली. शस्त्र आणि वाहन यांनी मिळून एक माणूस उभा केला. दोहोंपैकी एक जरी चुकले असते तरी वाचकाला ते खटकले असते.

या उपमेला स्वभावाखेरीज इतिहासाचाही आधार आहे, आणि तो विनोद करणाऱ्यांनाही फारसा आठवत नाही. सॅम्युएल कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत आपल्या रिव्हॉल्व्हरचे पेटंट घेतले. त्याचा हार्टफर्ड येथील कारखाना आणि स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रशाळा अशा ठिकाणी, कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात, एकसारखे सुटे भाग यंत्रांवर काढण्याची विद्या वाढली. बंदुकीचा भाग मोडला तर कारागिराने नवा घडवण्याऐवजी पेटीतून तसाच दुसरा काढून बसवायचा, ही ती कल्पना. हीच विद्या पुढे शिवणयंत्रांत, सायकलींत आणि अखेर मोटारींत गेली. स्प्रिंगफील्डला आणि नंतर कोल्टच्या कारखान्यात हात बसलेल्या हेन्री लेलंडने १९०२ मध्ये कॅडिलॅक कंपनी उभारली. १९०८ मध्ये इंग्लंडातील ब्रुकलंड्स येथे तीन कॅडिलॅक गाड्या पूर्ण सुट्या करण्यात आल्या, त्यांचे भाग एकमेकांत मिसळण्यात आले, त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या जोडण्यात आल्या आणि पाचशे मैल चालवून दाखवण्यात आल्या. बघणाऱ्यांना तो चमत्कार वाटला. शस्त्रशाळेतील कामगाराला त्यात नवे काही वाटले नसते. मोटार आणि पिस्तूल ही अशा रीतीने एका घराण्यातली भावंडे आहेत. धाकटीला थोरल्यासारखी म्हणणे ही केवळ कविकल्पना नव्हे.

मग अडचण कोठे आहे? ती प्रयोजनात आहे. कोणतीही वस्तू कशाची बनली, कोणी बनवली आणि कोणत्या आकाराची आहे, एवढ्याने ती समजत नाही. ती कशासाठी आहे हेही विचारावे लागते, असे ॲरिस्टॉटलचे म्हणणे होते. मोटार माणसाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्यासाठी आहे. तिने माणूस मारला तर तिचे प्रयोजन फसले. पिस्तूल नेम धरलेल्या देहाला इजा करण्यासाठी, निदान तशी धमकी समर्थपणे देण्यासाठी आहे. त्याने माणूस मारला तर, ते मारणे न्याय्य असो वा अन्याय्य, त्याचे प्रयोजन सिद्ध झाले. दोन्ही वस्तूंच्या खाती मृत्यू जमा आहेत, पण एकीत तो खर्चाच्या बाजूला लिहावा लागतो आणि दुसरीत कामाच्या.

मोटारीच्या विनोदात दोघेच असतात: धनी आणि गाडी. पिस्तुलाच्या विनोदातही दोघेच दिसतात. पण तेथे एक तिसरा असतो आणि त्याला बोलावलेले नसते. तो नळीच्या समोरचा. हास्यासाठी हृदयाला काही काळ बधिरता यावी लागते, असा बर्गसाँचा सिद्धान्त आहे. या उपमेत ती बधिरता नेमकी त्या तिसऱ्याच्या बाबतीत येते. कोरोला आणि ग्लॉक यांची तुलना करताना भरवसा, किंमत, टिकाऊपणा हे सारे बोलले जाते. भरवसा कशाचा, एवढे मात्र बोलले जात नाही. आणि एकदा शस्त्राची निवड ही आवडीची गोष्ट ठरली, की तिच्याविषयी नैतिक प्रश्न विचारणे हे दुसऱ्याच्या कपड्यांना नावे ठेवण्याइतके असभ्य वाटू लागते.

हा तिसरा कोण, याचे उत्तर त्याहून अस्वस्थ करणारे आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीच्या गोळीने ४८,८३० माणसे मरण पावली. त्यांतील २६,३२८ जणांनी आपला जीव आपण घेतला होता. अर्ध्याहून अधिक वेळा नळीच्या समोरचा परका नव्हता, चोरही नव्हता. चाप ओढणाराच नळीसमोर होता. ज्याच्या स्वभावाची गंमत विनोदाने केली, त्याच्या एखाद्या काळ्या रात्रीची दखल विनोदाला घेता आली नाही.

उपमा शेवटपर्यंत नेली तर ती भलतीकडे पोहोचते, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. अमेरिकेतील वादात दोन्ही पक्ष मोटारीचे उदाहरण देतात. एक म्हणतो, मोटारीनेही माणसे मरतात, म्हणून कोणी मोटारींवर बंदी घालीत नाही. दुसरा म्हणतो, मग मोटारीप्रमाणेच परवाना, नोंदणी आणि विमा येथेही असू द्या. मोटारीचा इतिहास मात्र या दोन वाक्यांपेक्षा मोठा आहे. १९५९ मध्ये व्होल्वोच्या नील्स बोहलिन याने तीन टोकांचा सुरक्षापट्टा आणला आणि कंपनीने ते पेटंट सर्वांना खुले केले. १९६५ मध्ये राल्फ नेडरने अमेरिकन मोटारींच्या सदोष रचनेवर पुस्तक लिहिले. १९६६ मध्ये वाहनसुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला. त्या वर्षी तेथे वाहनांनी तोडलेल्या दर दहा कोटी मैलांमागे सुमारे साडेपाच माणसे मरत होती. २०१९ मध्ये हे प्रमाण एकाच्या थोडेसे वर आले होते. मोटारीवर बंदी आली नाही. तिच्याकडे मृत्यूचे एक कारण म्हणून बघण्याची तयारी मात्र झाली. पिस्तुलाच्या बाबतीत हीच तयारी अडली. १९७२ च्या ग्राहकवस्तू सुरक्षा कायद्यातून बंदुका वगळण्यात आल्या. १९९६ मध्ये रोगनियंत्रण केंद्राच्या निधीला जी अट घालण्यात आली, तिच्या धास्तीने बंदुकीच्या इजांवरील संशोधन दोन दशकांहून अधिक काळ आटले; स्वतंत्र निधी पुन्हा मिळाला तो २०२० च्या अंदाजपत्रकात. म्हणजे मोटारीची उपमा ज्यांना विनोदात चालते, त्यांतील पुष्कळांना ती कायद्यात चालत नाही.

यावर प्रतिपक्षाचे उत्तर हलके नाही. मोटार चालवणे ही सवलत आहे, शस्त्र बाळगणे हा १७९१ च्या घटनादुरुस्तीने रक्षिलेला अधिकार आहे, असे तो म्हणतो. आणि २००८ च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवण्याचा हक्क मान्य केला आहे. पोलीस ठाणे तासाभराच्या अंतरावर असलेल्या घरात एकटी राहणारी बाई पिस्तूल घेते, तेव्हा ती हौस करीत नसते. तिच्या भीतीला हसणे हा दुसऱ्या प्रकारचा निर्दयपणा होईल. तरीही त्या निकालातील एक युक्तिवाद येथे अर्थपूर्ण आहे. घराच्या रक्षणासाठी अमेरिकन माणूस सर्वाधिक पसंती पिस्तुलाला देतो, ही वस्तुस्थिती न्यायालयाने महत्त्वाची मानली. आवडीपासून निवड आणि निवडीपासून अधिकार, हा प्रवास किती थोड्या पावलांचा असतो, हे तेथे दिसते.

वाहन आणि शस्त्र एका पंक्तीला बसवणारा अमेरिकन समाज एकटा नाही. महाराष्ट्रात खंडेनवमीला आणि दसऱ्याला शस्त्रांची पूजा होते, आणि त्याच झेंडूच्या माळा रिक्षांना व मोटारींना चढतात. तेथे हास्याच्या जागी नमस्कार आहे; वस्तूच्या शक्तीची जाणीव त्यात आहे, हे खरे. पण नमस्कारानेही प्रश्न सुटत नाही. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. माळ घातली म्हणजे जबाबदारी पार पडली, ही समजूत विनोदाइतकीच बधिर करणारी असू शकते.

तेव्हा विनोद सोडून द्यावा, असे नाही. माणसे ज्या वस्तूंबरोबर जगतात त्यांची थट्टा करणारच, आणि ती थट्टा पुष्कळदा स्वतःचीच असते. परंतु ज्या गोटात या उपमा जन्मतात, त्याच गोटात नवशिक्याला नेमबाजीच्या मैदानावर पहिला नियम शिकवला जातो: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजून वागावे. दुसरा नियम असा, की जे नष्ट करण्याची तयारी नाही त्याच्याकडे नळी कधी वळवू नये. उभ्या मोटारीला चालू मोटार समजा, असे कोणी कोणाला शिकवीत नाही. म्हणजे गंभीर क्षणी पिस्तूलवालेच उपमा बाजूला ठेवतात आणि गाळलेल्या तिसऱ्याला मोजणीत घेतात. मैदानावर शिकवणाऱ्याला जे कळते, ते मैदानाबाहेर, गप्पांत आणि कायदेमंडळात, कितपत टिकून राहते, यावर त्या तिसऱ्याचे आयुष्य अवलंबून आहे.